चिंधीच्या तोंडातला दोरा

टाचणीकाकू हे नाव गल्लीने ठेवलेलं. नावं ठेवण्यात गल्लीचा हात कोणी धरू शकत नाही, पण हे नाव तिने अगदी मापात बसवलं होतं. काम करताना काकूंच्या ओठांत चार-पाच टाचण्या कायम धरलेल्या असत, हे झालं एक कारण. दुसरं असं की टाचण्या काढून ठेवल्यावर त्या जे बोलत तेही तितकंच टोचत असे.

कपडे लहान-मोठे करायचे, चेन बदलायची, फाटलेलं सांधायचं, असं त्यांचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीला लागून शिलाई मशीन, मशीनच्या उजव्या हाताला कापायचं टेबल आणि मागे एक पडदा. पडद्यापलीकडे संसार. तीस वर्षांत तो पडदा पुरता कधी ओढला गेला नव्हता, त्यामुळे गिऱ्हाइकांना काकूंच्या घरात काय शिजतंय ते कळे आणि घराला गिऱ्हाइकांची कंबर किती वाढली ते कळे.

दुकानाला पाटी नव्हती, नियम मात्र होते. पहिला नियम, लोंबता दोरा ओढायचा नाही. कोणी स्वेटरचा किंवा कोटाचा निघालेला दोरा घरीच ओढून, चुण्या पाडून आणला की काकूंचा पारा चढे. "आधी स्वतः ओढायचं, मग माझ्याकडे आणायचं. जसा निघालाय तसा घेऊन यायला काय होतं तुम्हाला?" गिऱ्हाईक खाली मान घालून ऐकून घेई, कारण शिलाई चोख असे.

आता गंमत बघा. लोकांना असा दम देणाऱ्या या बाईला स्वतःला मात्र लोंबता दोरा दिसला की राहवत नसे. हात शिवशिवायचे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा दोरा त्या सहज तोडत. एकदा रक्त काढून घेताना त्यांनी दुसऱ्या हाताने रक्त काढणाऱ्या मुलीच्या बाहीचा दोरा तोडला होता. "आम्हाला कळतं कुठला ओढायचा आणि कुठला नाही," असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षांच्या हाताला कोण काय बोलणार.

दुसरा नियम सुयांचा. रोज संध्याकाळी मशीनवर कापड झाकण्याआधी टाचण्यांच्या उशीतल्या सगळ्या सुया मोजायच्या. घरात कुत्रं असताना हा नियम सोन्यासारखा. फक्त तो संध्याकाळचा होता, आणि जे झालं ते सकाळी दहाला झालं.

कुत्री होती काकांची. काका म्हणजे काकूंचे यजमान, बस चालवून निवृत्त झालेले, सगळ्यांचे ड्रायव्हरकाका. दोन वर्षांपूर्वी दुकानामागच्या कापडाच्या तुकड्यांच्या पोत्यात हे पिल्लू सापडलं, म्हणून तिचं नाव चिंधी. रंगही तसाच, एक कान काळा, एक तपकिरी, पाठीवर पांढरं ठिगळ. काकू म्हणाल्या होत्या, "दोन दिवस ठेवा, मग बघू." ते दोन दिवस अजून चालूच होते.

मग आठ महिन्यांपूर्वी काकांची उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात थोडा आला, बोलणं मात्र अडकलं. शब्द डोक्यात असायचा, ओठांपर्यंत यायला त्याला फार वेळ लागायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी काकूंना बजावून सांगितलं होतं, "त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या. कितीही वेळ लागला तरी मध्ये बोलू नका." काकूंनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

दुसऱ्या दिवसापासून त्या काकांची वाक्यं पुरी करायला लागल्या. ते "पा" म्हणाले की पाणी हजर. "खि" म्हणाले की खिडकी बंद. संध्याकाळी पाचला ते "चहा" म्हणत आणि पुढचं काही यायच्या आत कप हातात असे. काका कपाकडे बघत, काकूंकडे बघत आणि निमूट पिऊन टाकत. सुतावरून स्वर्ग गाठायची ही सवय काकूंना सुखासाठी लागली नव्हती. ज्या माणसाने पन्नास-साठ प्रवाशांना एका आवाजात गप्प केलं, तो एका शब्दासाठी घामाघूम होतोय, हे त्यांना बघवत नसे. प्रेमच होतं ते. पण प्रेमाने का होईना, आयतं वाक्य मिळत गेलं की माणूस स्वतःचं विणायचं सोडून देतो. काका हळूहळू "हं" वर आले. खुर्चीतून उठेनात. रात्री टक्क जागे असत, दिवसा पेंगत.

उठत ते फक्त चिंधीसाठी. ती सकाळ-संध्याकाळ पट्टा तोंडात धरून त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राही. तिला वाक्य लागत नव्हतं आणि तिला घाईही नव्हती. दोघं कोपऱ्यापर्यंत जात, काका दमले की ती खाली बसे, मग दोघं परत येत. काकू खिडकीतून बघत. ही कुत्री आहे तोवर हा माणूस चालतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती नसेल तेव्हाचा विचार त्या करत नसत.

त्या सकाळी काकांनी हाताचा व्यायाम म्हणून कोटाचं एक बटण लावायला घेतलं. उशीतली सगळ्यात जाड सुई, तिच्यात काळा दुहेरी दोरा काकूंनी आदल्या दिवशीच ओवून ठेवलेला. उजव्या हाताने जमेना. नुकताच लोणी लावलेला पाव खाल्लेला, बोटं ओशट, सुई निसटली आणि दोऱ्यासकट खाली पडली. चिंधीने लोण्याचा वास घेतला, दोरा चाटला, आणि काका वाकेपर्यंत सुईसकट गिळला.

काकू पलीकडे शाळेच्या गणवेशांच्या ढिगात. पाठ वळलेली, तोंडात टाचण्या.

"चिंधी..." काका म्हणाले.

"भूक लागली असेल तिला," काकू टाचण्यांतूनच म्हणाल्या. उठल्या, वाटीभर दुधात पाव कुस्करून तिच्यापुढे ठेवला आणि परत मशीनवर बसल्या.

काकांनी श्वास घेतला. उशीकडे बोट केलं. "सुई..."

"असू द्या हो, मी लावते बटण. कशाला डोळ्यांना त्रास?" त्यांनी उशी आणि कोट दोन्ही उचलून नेले.

काकांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "चिडू नका," काकू म्हणाल्या. मशीन सुरू झालं, आणि मशीनच्या आवाजात काका काही म्हणाले असतील तर ते ऐकू आलं नाही. वाक्याचे दोन तुकडे त्या माणसाने कसेबसे कापून दिले होते. ज्या बाईचं आयुष्य तुकडे जोडण्यात गेलं, तिने तेवढे दोन जोडले नाहीत.

एकच्या सुमाराला काकू जेवायला उठल्या. दुधाची वाटी रिकामी होती. काका जमिनीवर बसलेले, चिंधीचं डोकं त्यांच्या मांडीवर. तिच्या तोंडातून लाळ गळत होती. ती सारखा आवंढा गिळत होती, पंजाने गाल खाजवत होती. आणि ओठाच्या कोपऱ्यातून चार बोटं काळा दोरा लोंबत होता.

काकूंचा हात त्यांच्या डोक्याच्या आधी पोचला. चिमटीत धरला आणि ओढला. दोरा बोटभर आला आणि अडला. चिंधी कळवळून ओरडली.

तेवढ्यात काकांच्या डाव्या हाताने काकूंचं मनगट घट्ट धरलं.

"नको," काका म्हणाले.

एकच शब्द, पण पुरा. त्याला पुढे जोडायला काही उरलं नव्हतं. काकूंनी दोरा सोडला. मग त्यांनी टेबलावरच्या उशीकडे बघितलं. जाड सुई नव्हती. सकाळची "चिंधी" आणि सकाळची "सुई" एकमेकांशेजारी येऊन बसल्या.

चिंधीचं ओरडणं ऐकून समोरचा इस्त्रीवाला धावत आला. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर औषध असतं आणि ते कधीच दुकानात मिळत नाही. "मिठाचं पाणी पाजा भरपूर. उलटीबरोबर बाहेर पडेल."

"येताना सुई कुठे कुठे टोचत येईल, ते सांगा आधी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी जनावरांच्या दवाखान्याला फोन लावला.

फोनवर तरुण बाईचा आवाज होता. ती डॉक्टरच निघाली. भराभर पण शांतपणे बोलली. उलटी करवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. दोरा ओढू नका, कापूही नका, तो आत गेला तर आम्हाला सापडणार नाही. तिला पंजाने ओढू देऊ नका. तशीच दुसरी सुई आणि तोच दोरा असेल तर सोबत आणा, आणि लगेच निघा.

"कोणी ओढला नाही ना दोरा?"

"नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी वर बघितलं. काकूंनी नजर चुकवली. तीस वर्षांत गिऱ्हाइकं त्यांच्याशी अशीच खोटं बोलत आली होती. "आपोआपच असं झालं हो काकू." तेव्हा त्यांना त्याचा राग यायचा. आता कळलं की माणूस शरमेपोटी खोटं बोलतो, लबाडीपोटी नाही.

इस्त्रीवाल्याने कपड्यांची गाठोडी उतरवून आपला छोटा टेम्पो दारात लावला. काकूंनी चिंधीला चादरीत गुंडाळलं. "तुम्ही घरीच थांबा," असं म्हणायला त्या वळल्या तर काका चपला घालून उंबऱ्यात उभे. पट्टा नाही, चिंधी पुढे नाही, आणि तरी उभे. काकूंनी दार ओढून घेतलं. वाद घालायला वेळ नव्हता.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. काळ्या काचेसारख्या फोटोत चिंधीच्या बरगड्या दिसत होत्या आणि त्यांच्या मागे, पोटात, एक स्वच्छ पांढरी रेघ. काकूंनी ती सुई हजार वेळा हातात धरली होती.

डॉक्टरीण फोटोवर बोट ठेवून सांगत होती. "सुई अजून जठरात आहे. भीती सुईची आहेच, पण दोऱ्याची जास्त आहे. दोरा एका टोकाला जिभेखाली अडकलाय. सुई आतड्यात उतरली की आतडं पुढे ढकलत राहतं, दोरा मात्र ताणलेला राहतो. मग काय होतं की..."

"चुण्या पडतात," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीण थांबली.

"फ्रॉकचा घेर करतो आम्ही तसा. एक टोक पक्कं, दुसरं ओढायचं. कापड गोळा होत जातं." काकूंनी चिमटीने हवेतच दोरा ओढून दाखवला. "आणि जास्त ओढलं तर दोरा कापड कापतो."

"अगदी तसंच," डॉक्टरीण म्हणाली.

"मी ओढला होता." काकूंनी सांगून टाकलं. "फोनवर खोटं बोलले मी. बोटभर आला, मग अडला."

"एकदाच?"

"एकदाच. यांनी हात धरला."

"बहुतेक लोक ओढतातच," डॉक्टरीण म्हणाली. रागावली नाही, आणि ते काकूंना रागावण्यापेक्षा जड गेलं. "आता मला दोन गोष्टी नक्की हव्यात. सुई गिळून किती वेळ झाला आणि त्यानंतर तिने काही खाल्लं-प्यायलं का? पोट रिकामं असेल तर आत्ता लगेच भूल देऊन दुर्बिणीने सुई काढता येईल. पोट भरलेलं असेल तर भूल देणं धोक्याचं आणि दुर्बिणीला दिसणारही नाही. थांबावं लागेल. थांबलो आणि सुई पुढे सरकली, तर पोट फाडावं लागेल."

काकूंकडे उत्तर तयार होतं. त्यांच्याकडे ते नेहमीच तयार असे. "दहाच्या सुमाराला वाटीभर दूध-पाव..."

काकांनी हात वर केला. बस थांबवायला करावा तसा, सरळ.

काकू थांबल्या. वाक्य त्यांच्या ओठांत टाचणीसारखं धरलेलं राहिलं.

काकांचे ओठ हलले. शब्द आला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. टेबलावर चिंधी आवंढा गिळत होती. काकांच्या कपाळावर घाम आला. काकूंना दिसत होतं, शब्दाचं टोक बाहेर आलंय, नुसतं चिमटीत धरायचा अवकाश. आयुष्यात त्यांना एखादी गोष्ट इतकी जड गेली नव्हती. त्यांनी दोन्ही हात मागे नेले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला.

"दहा... वाजता," काका म्हणाले. "दूध... नाही... प्यायली."

वाटी रिकामी होती, हे काकूंच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"मी... मोरीत... ओतलं." काकांनी श्वास घेतला. "पोटात... काही... जाऊ नये... म्हणून."

"पाणी?" डॉक्टरणीने विचारलं.

काकांनी मान हलवली. मग मान पुरेशी नाही असं वाटून म्हणाले, "नाही."

"म्हणजे साडेतीन-चार तास आणि पोट रिकामं." डॉक्टरीण आतल्या माणसाला हाक मारत वळली. "चला, आत्ताच घेऊ." दारात थांबून ती काकांना म्हणाली, "काका, दूध ओतलंत हे फार चांगलं केलंत."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. सकाळपासूनचं सगळं त्या उलगडत होत्या. हा माणूस तीन तास एकटा त्या कुत्रीला जपत बसला होता. खुर्चीवरून उतरला, वाटी उचलून मोरीपर्यंत गेला, तिला पाण्यापासून लांब ठेवलं. आणि आपण त्याच खोलीत, सहा पावलांवर, मशीन चालवत होतो. त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"माझं चुकलं हो," त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्ही सांगत होतात."

काकांनी त्यांचं मनगट धरलं, दुपारी धरलं होतं तेच. लाल वण अजून होता. "हं," ते म्हणाले. त्या "हं" मध्ये माफी होती, आणि थोडं "बरं झालं, कळलं तरी" हेही होतं.

पाऊण तासाने डॉक्टरीण एका स्टीलच्या वाटीत सुई घेऊन आली. काळा दोरा तिला तसाच ओवलेला. काकूंनी सोबत आणलेल्या सुईशी ताडून बघितली, दोरा हाताने मोजला, दुहेरी दीड हात, आख्खा. एक धागाही आत राहिला नव्हता. अन्ननलिकेला एका जागी ओरखडा होता, डॉक्टरीण म्हणाली, ओढल्याचा. आठ दिवस मऊ, पातळ खाणं, औषध वेळेवर, आणि काही वेगळं वाटलं तर लगेच आणायचं.

काकूंनी "ओढल्याचा" हा शब्द ऐकला आणि मनात जपून ठेवला.

चिंधी भुलीच्या गुंगीत लटपटत बाहेर आली. चार पाय चार दिशांना. सरळ जाऊन काकांच्या पायांवर बसली.

दुकानात आता सुया सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजल्या जातात, आणि उशी वरच्या फळीवर असते. हे सगळं पहिल्या दिवसापासून जमलं. दुसरं जमायला वेळ लागला. वाक्याच्या मध्येच काकूंचं तोंड उघडायचं, मग त्या भानावर येऊन गपकन मिटायच्या. कधी कधी तर मुद्दाम तोंडात चार टाचण्या धरून बसायच्या, तेवढाच जिभेला लगाम. आणि काका, ज्यांची आपलं वाक्य आपणच पुरं करायची सवय मोडली होती, ते पुन्हा शब्दांच्या मागे लागले. रोज एखादा जास्त.

नवव्या दिवशी, संध्याकाळी पाचला, इस्त्रीवाला खिडकीशी गप्पा मारत उभा होता. काकूंच्या हातात कप होता, काकांचा नेहमीचा. काका चिंधीला फिरवून येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा..."

"घ्या ना काका, तयारच आहे," इस्त्रीवाला म्हणाला.

"थांबा हो," काकू त्याला म्हणाल्या. "ओढू नका."

इस्त्रीवाला गोंधळून गप्प झाला. काकू कप धरून उभ्या राहिल्या. मशीन बंद. चिंधीने जांभई दिली. कपातल्या वाफा कमी होत गेल्या.

"चहा... मला... नको... असतो," काका म्हणाले. "संध्याकाळी... प्यायलो... की... रात्रभर... झोप... येत नाही."

काकू मनात हिशोब लावत होत्या. आठ महिने. रोज पाचला. रोज हा माणूस हेच सांगायला सुरुवात करत होता.

"मग प्यायलात कशाला इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

आणि त्या थांबल्या. बराच वेळ. काका हसत होते, डाव्या बाजूने जास्त, उजव्या बाजूने थोडं.

"तू... इतक्या... घाईने... आणायचीस," ते म्हणाले.

काकू मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि निवलेला चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. काका त्या रात्री दहाला झोपले आणि सकाळी चिंधीने पट्टा आणून गुडघ्याला लावेपर्यंत उठले नाहीत.